सोमवारची यादी

मिसूला, मोंटाना
४ फेब्रुवारी २०१८

प्रिय मार्लिस,

नाताळच्या कार्डाखेरीज आपण एकमेकींना शेवटचं पत्र कधी लिहिलं, मला आठवत नाही. तुझ्या कार्डावर दर वर्षी तीच ओळ असते, "अजून छापतेय." माझ्या कार्डावर, "अजून श्वास घेतेय." कॉलेजात चार वर्षं एका खोलीत काढलेल्या दोघींना एवढं पुरत असे. आज पुरणार नाही. काम आहे.

तुझ्या काउंटीत मार्गिट डोलन नावाची एक बाई राहते. माझ्या ओळखीची आहे. पाच वर्षांपूर्वी ती हॅडलीच्या वृद्धाश्रमात मदतनीस होती. तिथल्या वेदनाशामक गोळ्या कमी भरल्या आणि तिला अटक झाली. तुझ्या 'मेसेंजर' पेपरच्या वेबसाइटवर तिचा कोठडीत काढलेला फोटो आला. मथळा होता, "मरणाच्या दारातल्या वृद्धांच्या गोळ्या चोरल्याचा आरोप, मदतनीस अटकेत." फोटोत केस ओले आहेत, डोळे सुजलेले आहेत आणि मागे उंची मोजायच्या रेघा आहेत. आजही तिचं नाव टाइप केलं की पहिल्या पानावर तो फोटो येतो.

त्यानंतर तिला नीट काम मिळालं नाही. गेल्या ऑक्टोबरात मात्र मिळालं. घरोघर जाऊन म्हाताऱ्या माणसांना आंघोळ घालायची, दाढी करायची, जेवू घालायचं. नेमणूक करणारी बाई घाईत होती, तिने नाव शोधून पाहिलं नाही. पण एप्रिलपासून कंपनीचा नवा नियम आहे. प्रत्येक कामगाराचं नाव पुन्हा तपासायचं.

तो फोटो आणि बातमी तू काढून टाकावीस, एवढंच मागणं आहे. तुला एक बटण दाबावं लागेल.

तुझी,
आर्डिस


हॅडली, साऊथ डकोटा
१२ फेब्रुवारी २०१८

प्रिय आर्डिस,

पत्र पाहून आनंद झाला. वाचून कमी झाला.

उत्तर नाही असं आहे. कारण सांगते, कारण तुला कारण दिल्याशिवाय तू गप्प बसत नाहीस, हे मला एकोणीसशे सहासष्टपासून माहीत आहे.

दर सोमवारी सकाळी शेरीफच्या कचेरीतून आठवड्याभराच्या अटकांची यादी येते. नाव, वय, गाव, आरोप, फोटो. आम्ही ती जशीच्या तशी लावतो. माझ्या वडिलांनी पेपर काढला तेव्हा एकच नियम केला होता, जे यादीत आहे ते छापायचं, कुणाचंही असो. परवान्याशिवाय मासे धरल्याबद्दल त्यांना स्वतःला दंड झाला, तोही त्यांनी छापला. आणि माझा भाऊ व्हर्न एक्क्याण्णव साली पिऊन गाडी घेऊन थेट लुथरन चर्चच्या पाटीवर गेला, तेव्हा मी ती बातमी पहिल्या पानावर घेतली. बँकेच्या मॅनेजरची त्याच्या आदल्याच महिन्यात घेतली होती. मग भावाची आत कशी ढकलणार?

व्हर्न त्यानंतर माझ्या घरी जेवायला आला नाही. तुला ते माहीत आहे. पण त्या दिवसापासून या काउंटीत "मार्लिसने आपल्या माणसाची बातमी दाबली" असं म्हणायची कुणाची छाती नाही. माझ्याजवळ एवढीच काय ती मालमत्ता.

दर महिन्याला कुणीतरी येतं. आई येते, नवरा येतो, पाद्री येतो. सगळे म्हणतात, फक्त हा एक काढा. एक काढला की दुसरा कुठल्या तोंडाने ठेवू? तुझ्या त्या बाईला अटक झाली होती, हे खरं आहे. ती दोषी आहे असं आम्ही कुठे लिहिलेलं नाही. "आरोप" हा शब्द मथळ्यातच आहे, बघ.

तुझ्या चर्चच्या बायकांनी हे पुण्यकर्म हाती घेतलं असेल तर त्यांना माझा नमस्कार सांग.

तुझी,
मार्लिस


मिसूला
२५ फेब्रुवारी

प्रिय मार्लिस,

चर्चच्या बायकांचा यात संबंध नाही. त्या लोकरीच्या टोप्या विणतात आणि एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढतात.

मी तुला तीन गोष्टी विचारते, उत्तर दे.

त्या खटल्याचं पुढे काय झालं, तुला माहीत आहे का? एकोणीस आठवड्यांनी न्यायालयाने तो काढून टाकला. गोळ्या चोरीला गेल्याच नव्हत्या. औषधं पुरवणाऱ्यांनी खोकंच अर्धं पाठवलं होतं आणि सही करणाऱ्या नर्सने ते मोजलं नव्हतं. हे तू छापलंस? मी तुझ्या वेबसाइटवर दोन संध्याकाळी शोधलं. नाही सापडलं.

दुसरं, सोमवारी सकाळी अटका तुझ्या दारात आणून देणारं कुणीतरी आहे. सुटका आणून देणारं कोण आहे?

तिसरं व्हर्नबद्दल. त्याची बातमी गुरुवारी आली. पुढच्या गुरुवारी लोकांनी त्याच अंकावर मासे साफ केले, चुली पेटवल्या. महिन्याभराने ती बातमी वाचायची असती तर तुझ्या तळघरात उतरून जुने अंक चाळावे लागले असते, आणि तेवढी खुमखुमी कुणाला नव्हती. तुझ्या वडिलांचा नियम कागदासाठी होता. कागद पिवळा पडतो. या बाईचा फोटो पाच वर्षांत पिवळा पडलेला नाही.

आणि तरी व्हर्न अकरा वर्षं तुझ्या टेबलाशी आला नाही, मग थेट शवपेटीतून आला. तू त्याला मालमत्ता म्हणतेस.

आर्डिस


हॅडली
६ मार्च

प्रिय आर्डिस,

तुझ्या शेवटच्या दोन वाक्यांबद्दल मी तुझ्याशी भांडणार नाही. ती खरी असतील तर भांडून उपयोग नाही, आणि नसतील तरी तू ती मागे घेणार नाहीस.

बाकीची उत्तरं देते.

पत्र मिळालं त्याच दुपारी मी न्यायालयात गेले. कारकुनाने नोंदवही काढली. डोलनविरुद्धचा खटला रद्द, तारीख, सही, सगळं आहे. आम्ही छापलं नाही, कारण आम्हाला कळलं नाही. पूर्वी आमचा बातमीदार हॅरल्ड दर शुक्रवारी न्यायालयात बसून निकाल उतरवून आणायचा. तो दोन हजार नऊमध्ये निवृत्त झाला आणि मी त्याच्या जागी कुणाला घेतलं नाही. यादी शेरीफकडून आपली आपण येते, निकाल आणायला पायांनी जावं लागतं. नऊ वर्षं कुणी गेलेलं नाही. मी ती वही तीन तास चाळली. माझ्या वेबसाइटवर फोटो असलेल्यांपैकी किती जण सुटले, ते मी मोजायला लागले आणि एका टप्प्याला थांबले.

ही माझी चूक आहे. लिहून देते.

पण काढून टाकणं हा त्यावर इलाज नाही. जे घडलं ते घडलं नाही असं करणं हे वर्तमानपत्राचं काम नव्हे. काहीतरी दुसरं करता येईल, विचार करते आहे.

आता माझा प्रश्न. ओळखीच्या बाईसाठी कुणी तीन तीन पानं लिहीत नाही. ही तुझी कोण लागते?

मार्लिस


मिसूला
१५ मार्च

मार्लिस,

माझी मिट्झी आहे ती.

मार्गिट हे तिचं पाळण्यातलं नाव, आम्ही कधी वापरलं नाही. डोलन तिचा नवरा होता. हॅडलीच्या धान्य कोठारावर कामाला होता म्हणून ती तिकडे आली. तो निघून गेला, घर तिच्याकडे राहिलं. तू तिला शेवटचं पाहिलंस तेव्हा ती सहा वर्षांची होती, आणि तुझ्या छापखान्यातल्या शिशाच्या अक्षरांमधून तिने स्वतःचं नाव जुळवून घेतलं होतं. तू ते तिला दोऱ्याने बांधून दिलं होतंस.

अटक झाली तेव्हा ती म्हणाली, मार्लिस मावशीला फोन करू नकोस. सुटली तेव्हाही म्हणाली, नको. "ती छापायचं थांबणार नाही, आणि वर तुमची मैत्री जाईल." आताही मी तिला न विचारता लिहिते आहे.

तिच्याकडे पाच म्हातारी माणसं आहेत. त्यातले एक मिस्टर टेस्के, वय एक्क्याण्णव. ते दुसऱ्या कुणाला दाढी करू देत नाहीत, मुलीलाही नाही. फोनवर ती त्यांच्याबद्दल सांगते तेव्हा मला वाटतं, हिचा आवाज परत आला.

मी तुला पहिल्याच पत्रात सांगायला हवं होतं. नाही सांगितलं, कारण मैत्रिणीची मुलगी म्हटल्यावर तू हटकून नाही म्हणाली असतीस.

आर्डिस


हॅडली
२२ मार्च

प्रिय आर्डिस,

दोन दिवस मी हे पत्र लिहू शकले नाही. तो दोऱ्याने बांधलेला ठसा मला आठवतो. एम उलटा लागला होता आणि ती म्हणाली, राहू दे.

फोटो माझ्या डोळ्याखालून गेला होता, आर्डिस. त्या सोमवारी मीच यादी लावली होती. मला ती ओळखू आली नाही.

तू मला बरोबर ओळखतेस. ज्या चाळीस आयांना मी परत पाठवलं त्यांच्या मुलांचे फोटो तसेच ठेवून फक्त तुझ्या मुलीचा काढला, तर मी आजवर केलेलं सगळं ढोंग ठरेल. म्हणून काढत नाही. पण सत्य अपुरं सांगितलं असेल तर ते पुरं करणं माझं कर्तव्य आहे, आणि ते मी आज सकाळी केलं. सू फॉल्सला आमची वेबसाइट सांभाळणारा माणूस आहे, त्याला फोन करून कसं करायचं ते विचारून घेतलं आणि माझ्या हाताने बातमीच्या वर टीप जोडली.

"सुधारणा: श्रीमती डोलन यांच्यावरील आरोप न्यायालयाने पूर्णपणे रद्द केला आहे. कोणतीही चोरी झाली नव्हती. हे वृत्त वेळेवर न दिल्याबद्दल 'मेसेंजर' श्रीमती डोलन यांची क्षमा मागत आहे."

एकतीस वर्षांत मी कुणाची छापील क्षमा मागितलेली नाही. एप्रिलमध्ये कंपनीने नाव शोधलं की आता हे वाचायला मिळेल. काहीही पुसलं नाही आणि खोटंही उरलं नाही. मला वाटतं, आपल्या दोघींचं समाधान व्हावं.

दर शुक्रवारी न्यायालयात आता मी स्वतः जाणार आहे. बाकीच्या चाळीसांचंही करीन, एकेक करून.

तुझी,
मार्लिस


मिसूला
२ एप्रिल

मार्लिस,

तू टीप जोडलीस तेव्हा बातमीवर त्या दिवसाची तारीख पडली. तुला ते माहीत नव्हतं, असं मी धरून चालते.

तारीख नवी म्हणून बातमी नवी. ती तुझ्या वेबसाइटवर सगळ्यात वर गेली आणि 'मेसेंजर' घेणाऱ्या प्रत्येकाच्या फोनवर गेली. फोनवर काय दिसतं, तू पाहिलंस का? मथळा आणि फोटो. "मरणाच्या दारातल्या वृद्धांच्या गोळ्या." तुझी टीप बातमी उघडल्यावर दिसते. उघडतं कोण?

मिट्झी मिस्टर टेस्केंची दाढी करत होती. मुलगी स्वयंपाकघरात होती, तिचा फोन वाजला. थोड्या वेळाने ती हातात कुलूप घेऊन आली आणि वडिलांच्या अंगावरून हात पुढे करून औषधांच्या कपाटाला ते लावलं. मिट्झीने उरलेला अर्धा गाल पुरा केला, वस्तरा धुतला, टॉवेल घडी करून ठेवला आणि निघाली. संध्याकाळी कंपनीचा फोन आला. तिने टिपेबद्दल सांगितलं. ती बाई म्हणाली, "ते असेल गं, पण पाचही घरांनी दुसरं कुणीतरी मागितलंय, मी काय करू?"

त्या रात्री मिट्झीने मला विचारलं, हे कुणी उकरून काढलं. मी खोटं बोलले नाही. तिने फोन ठेवला. त्यानंतर उचललेला नाही.

तू तिच्या घरापासून बारा मैलांवर आहेस, मी आठशे. जाऊन बघ, ती जिवंत आहे का.

आर्डिस


हॅडली
९ एप्रिल

आर्डिस,

जिवंत आहे. हे पहिलं.

माझ्याकडे सबब नाही. त्या माणसाने सांगितलं होतं की जतन करताना एक चौकोन रिकामा ठेवा. मी म्हटलं, मला छपाई शिकवू नकोस. तो चौकोन तारखेचा होता.

बातमी मी काढून टाकली. एकतीस वर्षांत पहिली. तुझ्यासाठी नाही आणि तिच्यासाठीही नाही, ती तिथे असणंच चूक होतं म्हणून. मग पत्र मिळाल्याच्या दुपारी तिच्या घरी गेले. झाडलेला व्हरांडा, बर्फ काढायचं फावडं भिंतीला टेकवलेलं. तिने आतलं दार उघडलं, बाहेरचं जाळीचं नाही.

जे बोलणं झालं ते तुला जसंच्या तसं लिहिते. तेवढं मला येतं.

"मिस ऑस्टगार्ड," ती म्हणाली. मावशी नाही.

मी सांगितलं की बातमी काढली आहे.

"कुठून?"

"आमच्या वेबसाइटवरून."

"आणि ज्या अकरा जणांनी ती तुमच्याकडून उचलली, त्यांच्याकडून?"

मला अकरा माहीत नव्हते. कोठडीतले फोटो गोळा करून मांडणाऱ्या वेबसाइट असतात, माझ्या सोमवारच्या यादीवर त्या जगतात. मी म्हटलं, त्यांना पत्रं लिहीन.

"लिहा. मी लिहिली आहेत. तुमची टीप वाचली मी. चांगली लिहिलीत, एकही चूक नाही."

मी म्हटलं की माझा हेतू वाईट नव्हता.

"तुम्हा दोघींचाही नव्हता, ते मला कळतंय." मग ती जाळीला टेकून बोलली, जणू मला शिकवत होती. "पाच वर्षांत मी तुमच्याकडे एकदाही आले नाही. का, ठाऊक आहे? मी दर महिन्याच्या एक तारखेला माझं नाव शोधायचे. आधी तुमची बातमी पहिली यायची. मग तिसरी. नाताळात नववी होती. कुणी हात लावला नाही की ती खाली जाते. अजून दोन पायऱ्या, की दुसरं पान. दुसरं पान कुणी बघत नाही, मिस ऑस्टगार्ड. मी फक्त कुणी हात लावू नये एवढं बघत होते."

मी विचारलं, मी आता काय करू.

"काही करू नका," ती म्हणाली. "ते जमेल तुम्हाला?"

दार लावताना ती म्हणाली, आईला सांगा मी बरी आहे आणि फोन करू नको म्हणावं. मी सांगते आहे.

मार्लिस


हॅडली
१७ सप्टेंबर

आर्डिस,

माझ्या मे आणि जुलैच्या पत्रांना तू उत्तर दिलं नाहीस. हेही देऊ नकोस, पण वाच.

सोमवारची यादी मी मे महिन्यातच बंद केली. तीन आठवड्यांत शेजारच्या काउंटीच्या रेडिओवाल्यांनी ती त्यांच्या वेबसाइटवर सुरू केली. माझे वाचक तिकडे गेले. दुकानात एक बाई म्हणाली, "तुमचा पेपर हल्ली अळणी झालाय, मार्लिस." जुन्या फोटोंपैकी सुटलेल्यांचे सगळे काढले. उरलेल्यांचेही काढते आहे. त्या अकरांपैकी दोघांनी पत्रांना उत्तर दिलं, चौघांनी पैसे मागितले.

आता जे लिहायचं आहे ते.

गेल्या आठवड्यात एका वकिलाकडून जाहीर सूचना आली. मार्गिट डोलन हिने नाव बदलायचा अर्ज केला आहे. कायदा असा आहे की असा अर्ज काउंटीच्या अधिकृत वर्तमानपत्रात ओळीने चार आठवडे छापून आला पाहिजे, जुनं नाव आणि नवं नाव दोन्ही, म्हणजे कुणाची हरकत असेल तर त्याने यावं. नाही छापलं तर न्यायाधीश नाव देत नाहीत. आणि या काउंटीचं अधिकृत वर्तमानपत्र माझं आहे. दुसरं नाहीच.

छापलेली प्रत्येक जाहीर सूचना राज्यभरच्या सूचनांच्या वेबसाइटवर आपोआप जाते. तिथे माझा हात पोचत नाही. मी न्यायाधीशांकडे गेले, म्हटलं, ही एक सूचना न छापता अर्ज ऐका. ते म्हणाले, जिवाला धोका असल्याचा पुरावा असेल तर ऐकतो. मी म्हटलं, धोका मी आहे. ते हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला.

मिट्झीला निरोप पाठवला की तुझी इच्छा असेल तर मी छापत नाही. तिने वकिलाकरवी उत्तर दिलं, "छापा. सगळं तर छापता." नाव मिळालं की ती इथून जाणार आहे. कुठे, ते वकिलालाही सांगितलेलं नाही.

नवं नाव मी तुला लिहीत नाही. अर्जाला तिने स्वतःच्या हाताने चिठ्ठी जोडली होती, माझ्या आईला कळू नये. आई पत्रं लिहिते, असं तिने लिहिलं आहे.

म्हणून मी पहिल्यांदाच माहीत असलेली गोष्ट विचारणाऱ्याला सांगत नाही. आणि तीच गोष्ट पुढच्या गुरुवारपासून चार आठवडे, सगळ्यात बारीक अक्षरात, तणनाशक फवारणीच्या निविदांच्या खाली छापते आहे. यातली विसंगती तू दाखवायची गरज नाही.

तू शोधू नकोस, आर्डिस. तिला तेवढं तरी राहू दे.

मार्लिस


मिसूला
१३ ऑक्टोबर

मार्लिस,

सूचना छापून आल्यावर अकरा दिवस मी शोधलं नाही. फोनच शेजारणीकडे ठेवला होता. बाराव्या दिवशी मागून आणला.

तिचं जुनं नाव टाइप केलं. पहिला फोटो आला, त्या अकरांपैकी कुणाचा तरी. त्याच्या खाली तुझी सूचना. मला चार सेकंद लागले.

नाव चांगलं आहे. आडनाव माझ्या आईचं घेतलं आहे. माझ्याशी बोलत नाही, पण आजीचं आडनाव घेतलंन. हे मला तिला सांगता येणार नाही, कारण मला ते माहीतच नसायला हवं.

मग मी फक्त नवं नाव टाइप केलं. मला वाटलं, निदान इथे काही नसेल. कोरं पान बघायचं होतं मला.

एकच गोष्ट आली. तोच फोटो. ओले केस, सुजलेले डोळे, मागे रेघा. त्याखाली आधी लिहिलेलं होतं मार्गिट डोलन. आता त्यापुढे "उर्फ" लिहून नवं नाव जोडलं आहे. तुझ्या सूचनेचा दुसराच आठवडा होता, म्हणजे अशा सूचना चाळून फोटोंना नावं जोडणाऱ्या त्या यंत्राला माझ्याइतकाही धीर निघाला नाही.

सुनावणी अठराला आहे, असं तुझ्या सूचनेत आहे. न्यायाधीश तिला ते नाव गुरुवारी देतील. ती नीट कपडे करून जाईल आणि ते घेईल. गाडीत सामान भरलेलंच असेल.

तिला कळवायची मला परवानगी नाही. तू बारा मैलांवर आहेस. पण मागे तिने तुला एकच गोष्ट करायला सांगितली होती, काही करू नका म्हणाली होती. मी चार दिवस विचार केला, मार्लिस, आणि तुला जा म्हणावं की जाऊ नको म्हणावं, ते मला ठरवता आलेलं नाही. हे पत्र तुला सोमवारी मिळेल.

आर्डिस